जुन्या सोलापुरातली बाळंतपणं आणि तान्ह्यांची निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी 1972 साली परिचारिका म्हणून कामाला लागले. पुढची तीसेक वर्षं सोलापुरात बाळंतिणींच्या वॉर्डात आणि पेठांमधल्या गल्लीबोळांत गेली. आता कॉलेजची मुलं-मुली, कधी जुन्या बाळंतिणींची नातवंडं येऊन विचारत बसतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. माझ्या आधीच्या काळाबद्दलचं थोडं वाचलेलं आणि बरंचसं थोरल्या सिस्टरांकडून ऐकलेलं आहे. नंतरचं माझ्या हातांखालून गेलेलं आहे.

डफरीन चौकाला हे नाव कशामुळे पडलं?

तिथल्या बायकांच्या दवाखान्यामुळे. लेडी डफरीन या व्हाइसरॉयच्या पत्नी. परक्या पुरुष डॉक्टरसमोर बाई जात नाही आणि घरातले पाठवत नाहीत, म्हणून बायकांसाठी बायकाच डॉक्टर, नर्स आणि सुईणी तयार कराव्यात या हेतूने त्यांनी 1885 मध्ये निधी उभारला. त्यातून देशभर दवाखाने निघाले, त्यांना लोक सरसकट ‘डफरीन’ म्हणू लागले. रिक्षावाल्याला आजही नुसतं ‘डफरीन’ म्हटलं की पुरतं. आमच्या वेळी तर तो शब्दच बाळंतपणाचा झाला होता. ‘सून कुठाय?’ ‘डफरीनला.’ एवढ्यावर सगळं कळायचं.

दवाखाने नव्हते तेव्हा बाळंतपण कोण करायचं?

सुईण. पण सोलापुरात तिला एकच नाव नव्हतं. मराठी घरात ती सुईण, साखर पेठेपासून पुढच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली विणकरांच्या घरात मंत्रसानी, कानडी घरात सूलगित्ती आणि मुसलमान वस्तीत दाई. एकाच पेठेत चारही नावांनी हाक मारली जाणारी एकच म्हातारी मी पाहिलेली आहे. कळा देणाऱ्या बाईशी ती तिच्याच भाषेत बोलायची. दवाखान्यात आम्हाला हे पुष्कळ वर्षं जमलं नाही. वॉर्डात आयाबाई दुभाष्याचं काम करायची, आणि ती रजेवर असली की आमचे हाल व्हायचे.

सुईणीचं काम मूल बाहेर आलं की संपत नसे. वार, म्हणजे नाळेचा गोळा, पडेपर्यंत ती जागची हलायची नाही. पुढचे दहा-बारा दिवस रोज येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्यायचा, शेपा-ओव्याची धुरी करायची. मोबदला म्हणून धान्य, खण, नारळ आणि थोडे पैसे. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी. कष्ट तेवढेच असायचे, याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

नाळ कापणं हे विटाळाचं काम समजत. त्यामुळे गावगाड्याने ते ज्या जातींवर ढकललं होतं त्यांतल्याच बायका पिढ्यान्‌पिढ्या सुईणपण करत राहिल्या. जिच्या हातून वंश वाढला तिला पुढच्या सोप्यात बसायला जागा नसायची. कुणी जुन्या बाळंतपणांचं कौतुक करायला लागलं की ही गोष्टही मी सांगते.

सुईणी अडाणी होत्या आणि त्यांच्यामुळे बाळं दगावत, हे खरं का?

अर्धं खरं. नाळ विळ्याने, कधी कुऱ्हाडीच्या पात्याने कापली जायची आणि वर राख किंवा शेण लावायची चाल होती. त्यातून धनुर्वाताचे जंतू आत जात. नाळेतून शिरलेला धनुर्वात बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसतो. बाळ दूध ओढायचं थांबतं, जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखं ताठ होतं. आपल्याकडे पाचवीच्या रात्री दिवा जागता ठेवून सटवाईची पूजा करतात. पाचव्या-सहाव्या दिवसाचं भय आयाबायांच्या मनात इतकं खोल का बसलं असावं, हे मला पहिलं असं बाळ डोळ्यांसमोर गेलं तेव्हा उमगलं.

पण दोष एकट्या सुईणीवर टाकू नये. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने 1903 मध्ये सुईणींच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी निघाला खरा, पण शिकवणाऱ्यांचा सूर बहुतेक ‘तुमचं सगळं चुकतं’ असाच असे. मी स्वतः सुईणींचे वर्ग घेतले आहेत. हात धुवा, नखं कापा, नवं ब्लेड वापरा, दोरा उकळून घ्या, नाळेवर काही लावू नका. एवढी पाच वाक्यं गोडीने सांगितली की बाई ऐकायची. ‘माझ्या हातून शंभर झाली’ म्हणणारी म्हातारी दुसऱ्या खेपेला स्वतःचं ब्लेड कागदात गुंडाळून घेऊन आली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. पाच मुलांतलं एक. त्यामागे सुईणीच्या विळ्याइतकेच दूषित पाणी, देवीचा रोग, प्लेग, दुष्काळ आणि आईच्या अंगात नसलेलं रक्त होतं.

नगरपालिकेची प्रसूतिगृहं कोणती होती?

डफरीन तर आहेच. त्याशिवाय बॉईस, दाराशा, रामवाडी ही नावं जुन्या लोकांच्या तोंडी सारखी येतात. ती महापालिकेच्या दवाखान्यांची नावं. महापालिका झाली 1 मे 1964 ला, त्याआधी नगरपालिका होती. अवघड केस सिव्हिलला पाठवायची. 1963 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघालं, तेच आजचं डॉ. वैशंपायन स्मृती महाविद्यालय, आणि तेव्हापासून सिव्हिलला शिकाऊ डॉक्टरांचा राबता वाढला.

फुकट होतं का?

जवळपास. केसपेपरचे नाममात्र पैसे. खरा खर्च वेगळाच असायचा. घरच्या एका माणसाची मजुरी बुडायची, चहा-भाकरीचा डबा पोचवावा लागायचा आणि रात्री-अपरात्री टांगा करावा लागायचा.

गिरणीत कामाला जाणाऱ्या बायकांना बाळंतपणाची रजा मिळायची का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा, कारण माझी आजी गिरणीत रीळ विभागात होती.

सोलापूरची जुनी मिल 1877 ची. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. भोंग्यावर शहर उठायचं आणि भोंग्यावरच जेवायचं. कामगारांत बायका पुष्कळ. सुरुवातीला रजा वगैरे काही नव्हतंच. पोट दिसेपर्यंत काम करायचं, मग नाव कमी व्हायचं, आणि बाळंत होऊन परत आलं की जागा असली तर मिळायची. म्हणून बायका शेवटच्या दिवसापर्यंत पोट पदराखाली दडवायच्या.

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपण भत्त्याचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू उचलून धरली. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळण्यातच देशाचं हित आहे, आणि याचा भार काही अंशी सरकारनेही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे. आज हा आकडा वाचून कुणी हसेल. आजी हसायची नाही. ती म्हणायची, ‘त्या पैशातनं डिंकाचे लाडू झाले गं, नाहीतर कुठले?’

पण कायद्यातच एक खोच होती. पैसे थेट मालकाने द्यायचे. त्यामुळे बाई कामावर ठेवणं महाग झालं, आणि ‘दिवस गेलेत’ असा नुसता संशय आला तरी काढून टाकायची वाट सापडली. पुढे 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हा भार वर्गणीतून जमलेल्या निधीवर गेला, तो फरक मोठा. मग 1961 चा देशभराचा कायदा आला आणि बारा आठवडे झाले. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे आहेत. माझ्या आजीचे सात, माझे बारा, सुनेचे सव्वीस. आमच्या घरात हा इतिहास असा मोजतात.

बाळगोळी म्हणजे काय?

अफूची बारीक गोळी. आई गिरणीच्या पाळीला गेली की घरातलं सात-आठ वर्षांचं भावंड तान्ह्याला सांभाळणार, ते रडलं तर काय करणार? म्हणून जाताना बाळाला गोळी चाटवायची, की ते भोंगा होईपर्यंत गुंगून पडायचं. गिरण्यांच्या सगळ्या शहरांत ही चाल होती. बाळ भुकेचंही रडायचं नाही, म्हणून सुकत जायचं. कधी मात्रा चुकायची आणि उठायचंच नाही. त्या आयांना क्रूर म्हणणारे मला भेटले आहेत. सकाळची पाळी चुकली तर संध्याकाळी चूल पेटणार नाही अशा घरात त्यांनी एक दिवस राहून बघायला हवं होतं.

यावरचा खरा उपाय म्हणजे पाळणाघर. काही गिरण्यांनी ती आपणहून काढली. 1948 च्या कारखाने कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथे ती सक्तीची झाली, 1976 मध्ये ती अट तीसवर आली. कागदावर आणि प्रत्यक्षात अंतर असायचंच. तरी जिथे चांगली आयाबाई असे तिथे आया मधल्या सुट्टीत जाऊन पाजून यायच्या, आणि तिथली बाळं नुसती नजरेने ओळखू यायची.

विडी वळणाऱ्या आणि मागाच्या घरांतल्या बायकांचं काय?

त्यांना कुठलाच भोंगा नव्हता, म्हणून कुठलाच कायदाही फार दिवस नव्हता. विडीवाली घरीच पानं कापून, मांडीवर सूप घेऊन वळत बसणार. मागाच्या घरात बाई कांड्या भरणार. दोघींचंही काम नगावर. कळा सुरू झाल्यावरही ‘तेवढं बंडल बांधते’ म्हणणारी बाई मी पाहिली आहे. तिच्या उशाशी जुन्या लुगड्याची झोळी, तिच्यात थोरलं दीड वर्षांचं, आणि सगळ्या खोलीला जर्द्याचा वास. त्या घरांतली बाळं वजनाला कमी भरायची. आम्ही वहीत नुसते आकडे लिहायचो.

विडी कामगारांसाठी 1966 मध्ये कामाच्या अटींचा आणि 1976 मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. ओळखपत्र असेल तर दवाखाना आणि बाळंतपणाची मदत मिळू लागली. पण ते ओळखपत्र मिळवायला बाईला दहा खेपा घालाव्या लागायच्या, आणि एक खेप म्हणजे एका दिवसाच्या विड्या.

घरोघर येणारी नर्सबाई नेमकं काय करायची?

ती मीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खांद्याला ॲल्युमिनियमची पेटी. तिच्यात कात्री, दोन चिमटे, नाळ बांधायचा दोरा, साबण, नखांचा ब्रश, रबरी चादर, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी आणि हुकाचा तराजू. त्या तराजूला फडकं अडकवून, झोळी करून त्यात बाळ ठेवायचं आणि काट्याकडे बघायचं. सगळं घर श्वास रोखून बघत राहायचं. दृष्ट लागेल म्हणून आजीबाई काटा बघू द्यायच्या नाहीत, तेव्हा मी आकडा मोठ्याने न वाचता वहीत टिपायची.

सातव्या महिन्यापासून पायावरची सूज बघायची, पापणी उलटून रक्त कमी आहे का ते बघायचं, धनुर्वाताची दोन इंजेक्शनं द्यायची, लोहाच्या गोळ्या हातात ठेवायच्या. गोळ्या खाल्ल्या का, हे विचारून कळत नसे. ‘शौचाला काळं होतं का?’ असं विचारलं की खरं बाहेर पडायचं.

बाळंतपणानंतर आमची सगळ्यांत मोठी लढाई चिकाची. पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं आणि तीन दिवस बाळाला मधाचं बोट किंवा गुळाचं पाणी द्यायचं, ही चाल घरोघर. चीक म्हणजे बाळाची पहिली लस, हे सासूला पटवायला मी एक वाट शोधली होती. पूर्व भागात मागाला लागून म्हैस बांधलेली असायची. विचारायचे, ‘रेडकाला पहिला चीक पाजता की टाकता?’ बहुतेक वेळा एवढं पुरायचं.

बायका दवाखान्यात यायला का घाबरत?

सुरुवातीला परक्या जागेच्या, लोखंडी खाटेच्या भीतीने. तिथून माणूस मेलेलंच परत येतं हे लोकांनी पाहिलेलं होतं, कारण बाई अडली, दोन रात्री गेल्या, की मगच आणायचे.

पण दुसरं कारण आमच्याकडे होतं आणि ते मी लपवणार नाही. एका दवाखान्यात माझ्या सुरुवातीच्या वर्षांत कळांनी ओरडणाऱ्या बाईला हडसूनखडसून गप्प करायची रीत होती. ‘तेव्हा बरं वाटलं, आता ओरडतेस’ असली वाक्यं मी कानांनी ऐकली, आणि नवी होते म्हणून गप्प राहिले. त्यातली एक बाई पुढच्या खेपेला आलीच नाही. घरीच बाळंत झाली, वार अडकली, आणि आणेपर्यंत रक्त संपलं होतं. तिच्या नावाची केसपेपरावरची शाई मला अजून दिसते. त्यानंतर मी कळांच्या बाईचा हात सोडून टेबलापाशी जाऊन बसले नाही.

आजोबांच्या दंडावर गोल व्रण असतात, ते कशाचे?

देवी काढल्याचे. टोचणारा दारात आला की मुलं माळ्यावर लपायची. फिरकीसारखं दातेरी हत्यार असायचं, ते लस लावून कातडीवर फिरवायचे. जखम पिकायची, खपली पडायची, व्रण जन्माचा. नंतर दोन टोकांची सुई आली, तिने त्रास कमी. 1975 मध्ये देवीचा रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस लागलं होतं. आम्ही कांजिण्या आणि गोवराची किती मुलं तपासली याला गणती नाही. त्याच वर्षी देशातला शेवटचा रोगी सापडला आणि 1977 मध्ये देवी गेल्याचं जाहीर झालं. त्याच दंडावर लहानसा दुसरा व्रण असेल तर तो क्षयाच्या लसीचा.

पंढरपूरचा बालकाश्रम याच विषयात येतो का?

नक्कीच येतो. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी, तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने, 1875 मध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी हा आश्रम काढला. तीर्थक्षेत्र असल्याने फसलेल्या विधवा तिथे गुपचूप बाळंत व्हायला येत आणि मूल चंद्रभागेच्या वाळवंटात नाहीतर एखाद्या दारात सोडून जात. आश्रमाने मुलांना तर घेतलंच, त्या बायकांनाही आसरा दिला. लगेच 1876 चा मोठा दुष्काळ आला आणि अनाथ मुलांची रीघ लागली. आज तो वा. बा. नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जातो. जिल्ह्यातल्या माता-बालसेवेचं हे माझ्या मते सगळ्यांत धाडसाचं पान.

बहात्तरच्या दुष्काळात बाळंतिणींचं कसं झालं?

मी नुकतीच लागले होते. जिल्ह्यात कामं निघाली होती : नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणं. पोटुशा बायकाही हातोडी घेऊन बसायच्या, कारण हजेरी लागली तरच मजुरी. खाणं म्हणजे रेशनची लाल मिलो ज्वारी. कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. आई आपली सुकडी पदरात बांधून घरच्या पोरांना न्यायची, म्हणून आम्ही ‘इथेच खा, माझ्यासमोर खा’ असा धोशा लावायचो. ती एक घास खायची आणि बाकीची पुन्हा पदरात बांधायची. बाभळीला झोळी बांधून तान्हं टांगलेलं, खाली खडीची रास, आणि दर पाच मिनिटांनी हातोडी खाली ठेवून दोरीला एक झोका. त्या उन्हाळ्यात दूध आटलेल्या आया मी जितक्या पाहिल्या, तितक्या नंतर कधीच नाही.

पुढे रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा लहान मुलांसाठी सावली आणि सांभाळणारी बाई ही सोय त्यात आली. ती झोळी बघितलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

आजी-पणजीच्या जन्माची नोंद कशी शोधायची?

हल्ली दाखल्यांसाठी हा प्रश्न फार येतो. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जुनी रजिस्टरं आहेत. 1969 चा कायदा 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला, पण नोंदी त्याच्या पुष्कळ आधीपासून ठेवल्या जात. अर्ज करण्याआधी तीन गोष्टी जवळ असू द्या : बापाचं नाव, पेठ आणि अंदाजे साल.

बाळाच्या नावाने शोधलं तर बहुधा काही सापडत नाही. नोंद बारशाआधी व्हायची, म्हणून रकान्यात नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आईचं नावही पुष्कळदा नसतं. माझ्या नोंदीतसुद्धा वडिलांचं नाव आहे, पेठ आहे, सुईणीची खबर आहे आणि पुढे ‘मुलगी’ एवढंच. बापाचं नाव मोडीत किंवा वेगळ्या वळणाने लिहिलेलं असू शकतं. तेलुगू आणि कानडी आडनावं तर कारकुनाने कानाला ऐकू येतील तशी लिहिली आहेत, तेव्हा तीन-चार तऱ्हांनी शोधा.

साल माहीत नसेल तर म्हातारीला साल विचारू नका. ‘मार्शल लॉ झाला तेव्हा तू किती होतीस?’ असं विचारा. रांगत होते, म्हणाली तर 1929 चं रजिस्टर काढायला सांगा, कारण इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, 1930 च्या मे महिन्यातला. मग महिना. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी की नंतर? आधी म्हणाली तर डिसेंबरपासून मागे जा, नंतर म्हणाली तर जानेवारीच्या अखेरीपासून पुढे. पद्मशाली घर असेल तर मार्कंडेयाच्या रथाला विचारा, तो नारळी पौर्णिमेचा. एवढं कळलं की दोन-तीन महिन्यांची पानं उरतात, आणि तेवढी बोट फिरवत वाचता येतात.